ठेका कुठे राहतो

६ फेब्रुवारी

आज सभागृहाच्या मॅनेजरचा फोन आला. लाइन इतकी खराब की मी दोनदा विचारलं, कोण बोलतंय. पण मुद्द्याचं कळलं. अकरा एप्रिलची अख्खी संध्याकाळ आमची. जॅझची पहिल्यापासूनची गोष्ट मी सांगायची आणि आमच्या चौकडीने ती वाजवून दाखवायची.

मी खुर्चीत बसलो तो बसूनच राहिलो. इतकी वर्षं हॉटेलच्या जेवणघरात वाजवतोय. लोक सूप भुरकतात, बिलावरून भांडतात, आणि आम्ही कोपऱ्यात जीव ओततो. एकदा एक गृहस्थ माझा सोलो चालू असताना उठून आले, मला वाटलं दाद द्यायला. म्हणाले, मीठ आहे का. असल्या लोकांसाठी आयुष्य गेलं. आता पहिल्यांदाच माणसं फक्त ऐकायला येणार. हे एकदा नीट पार पडलं की पुढे काही नाही झालं तरी चालेल, खरंच चालेल.

हिला सांगितलं तर म्हणाली, "अहो, ओरडताय कशाला? मी इथेच आहे." आनंदाने माणूस ओरडणार नाही तर काय करणार?

चौकडी म्हणजे मी, मास्तर, लांब्या आणि धाकटा. मास्तर सकाळी शाळेत भूमिती शिकवतो आणि संध्याकाळी पियानो वाजवतो, दोन्ही सारख्याच कडक चेहऱ्याने. लांब्या बास वाजवतो, लांबून बघितलं तर दोन बास उभे आहेत असं वाटतं. धाकटा ड्रमवर. सख्खा भाऊ माझा, नऊ वर्षांनी लहान. लहानपणी आई कामाला गेली की तो रडायचा, म्हणून मी त्याला पातेली पालथी घालून दोन चमचे द्यायचो. तेव्हा सुरू झाला तो अजून थांबलेला नाही. मी सॅक्स आणि क्लॅरिनेट वाजवतो आणि सगळ्यांना शिव्या घालतो.

९ फेब्रुवारी

भाषणाचा सांगाडा झाला. तारखा आणि नावं सांगत बसलो तर लोक जांभया देतील. मी एकच सांगणार आहे, ठेका कुठे राहत होता आणि त्याने घरं कशी बदलली.

पहिलं घर रस्त्यावर. ज्यांच्या आज्यापणज्यांना साखळ्या घालून विकलं, ती माणसं आपलं माणूस पुरायला निघायची तेव्हा पुढे बँड असायचा. जाताना संथ, परतताना नाचरं. तेव्हा ठेका मोठ्या ड्रममध्ये राहायचा, गळ्यात अडकवलेल्या. मग कुणीतरी पायाने दाबायची दांडी केली आणि तो ड्रम जमिनीवर आला. माणूस बसला. जॅझ खोलीत शिरलं. पहिल्या रेकॉर्डी काढताना तर ड्रमवाल्याला लांब बसवायचे, कारण ठोका पडला की सुई उडायची.

दुसरं घर नाचाचे मोठे हॉल. ठेका पायाने उघडझाप होणाऱ्या जुळ्या झांजांवर चढला. तिसरं घर युद्धाच्या काळातल्या अंधाऱ्या छोट्या जागा. तिथे ठेका थेट वर गेला, डोक्याजवळच्या मोठ्या एकट्या झांजेवर, टिंग टिकटिक टिंग. खालचा ड्रम मोकळा झाला, मनात येईल तेव्हा एखादा अवचित ठोका बाँबसारखा टाकायला. चौथ्या घराला भिंतीच नाहीत. ठेका कुठेच राहत नाही आणि सगळीकडे असतो.

मास्तरला वाचून दाखवलं. म्हणाला, "बरं आहे." मास्तरच्या तोंडून हे म्हणजे फुलांचा वर्षाव.

१७ फेब्रुवारी

पहिली तालीम. हॉटेलच्या जेवणघरातच, सकाळी, टेबलांवर खुर्च्या उलट्या चढवलेल्या असताना.

पहिला भाग, ती अंत्ययात्रेची चाल, काय बसली! धाकट्याने मोठा ड्रम असा वाजवला की पोटात हलत होतं. दुसराही बरा. तिसऱ्याला मात्र सगळं पाणचट पुळकवणी. मी उजवीकडे मागे वळून बघितलं तर धाकट्या साहेबांचा हात झांजेवर फिरतोय, पण आवाज? काठीचं नुसतं टक टक. पुढची ती झणझण, जिच्यावर मी सोलो उभा करणार, ती नाहीच.

"झांज विसरलास काय घरी?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "जोरात मारतो, दादा."

मारली जोरात. तरी तेच. हात हलका पडलाय त्याचा. पंचेचाळिशी उलटली, छापखान्यात दिवसभर उभं राहायचं, मग इथे. दमतो बिचारा. पण दमायला आत्ताच वेळ सापडली का?

२ मार्च

पियानोच्या वरच्या पट्ट्या मेल्यात. मास्तर त्या दाबतो तेव्हा लाकडावर बोट आपटल्यासारखं वाटतं. मास्तरला कळत नाही याचंच नवल. मी पियानो लावणाऱ्याला बोलावला. तो दोन तास आत डोकं घालून बसला आणि म्हणाला, काही झालेलं नाही.

मी म्हटलं, "अहो, मग मी काय स्वप्न बघतोय?"

त्याने सगळ्यात वरची पट्टी दाबली, माझ्याकडे बघितलं. परत दाबली, परत बघितलं. मग हत्यारं पिशवीत भरली आणि एक पैसाही न घेता निघाला. जाताना माझ्या दंडावर हात ठेवला. कामचुकार माणसाला लाज वाटते ती अशी.

९ मार्च

धाकट्याला नवी झांज घ्यायला लावली. चांगली जाड, चकचकीत. दुकानात त्याने वाजवली तेव्हा दुकानदार दोन पावलं मागे सरला आणि मी म्हटलं, याहून खणखणीत नाही का? दुकानदार म्हणाला, "साहेब, याहून खणखणीत म्हणजे आगगाडी."

तालमीला लांब्या कानात कापसाचे बोळे घालून आला. सर्दी झालीय म्हणे. वरच्या मजल्यावरून हॉटेलचा मॅनेजर खाली आला, पाहुण्यांची तक्रार आहे, जरा हळू. मी म्हटलं, हळूच तर चाललंय हो, तेच तर रडगाणं आहे. त्याने धाकट्याकडे बघितलं आणि वर निघून गेला. सगळे हल्ली धाकट्याकडे बघतात. मी बँड चालवतो की तो?

१५ मार्च

रीडचंही तेच. वेताच्या त्या पातळ पट्टीवर वाजवणाऱ्याचा संसार चालतो, ती बिघडली की सगळं बिघडलं. यंदाच्या सगळ्या रीडी मुक्या निघाल्या. सूर घोंगडी पांघरल्यासारखा येतो. आज सकाळभर खिडकीत बसून पात्याने तासत होतो. टोक जितकं पातळ, तितका आवाज उजळ. चार वाया गेल्या, पाचवी जमली. आता कुठे थोडी धार आली. वाजवताना मधूनच वरच्या दातांत झिणझिण्या येतात. कार्यक्रम झाला की दातांच्या डॉक्टरकडे जायला हवं.

दुपारी एक बासरीवाली मुलगी आली. फावल्या वेळात मी लोकांची वाद्यं दुरुस्त करतो. तिची बासरी मी गेल्या आठवड्यात दुरुस्त करून दिली होती. म्हणे बोटांच्या खालून हवा सुटते, सुं सुं आवाज येतो. मी तिच्यासमोर वाजवून दाखवली, काडीइतका आवाज नाही. मुलगी अवघडून गेली. हल्लीच्या पोरांना खोड्या काढायला काहीतरी हवं असतं.

१९ मार्च

आज फार वाईट झालं.

संध्याकाळी घरी आलो तर स्वयंपाकघरात ही आणि धाकटा डोक्याला डोकं लावून कुजबुजत होते. मी आलो तसे दोघं गप्प. शिट्टीवाली किटली गॅसवर होती, भसाभसा वाफ सोडत होती, आणि दोघांपैकी कुणी ती उतरवतही नव्हतं. मी म्हटलं, "पाणी जळून जाईल, लक्ष कुठंय?" ही उठली आणि तिने गॅस बंद केला. तिचे डोळे लाल होते.

मग म्हणाली, "अहो, एकदा कानाच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ या का?"

माझं डोकं फिरलं. आजारपणाच्या भीतीने नव्हे. या दोघांनी आधी ठरवलं होतं, हे कळलं म्हणून. मी बहिरा ठरलो की बँड कुणाच्या हातात जाणार? मी बोलू नये ते बोललो. हिला म्हटलं, तुला सा आणि रे यांतला फरक कळत नाही आणि तू माझे कान तपासणार? धाकट्याला म्हटलं, स्वतःच्या हाताला इलाज बघ आधी, मग माझ्या कानांना बघ.

तो म्हणाला, "वहिनी, राहू दे. कार्यक्रम होऊ दे." जणू माझा कार्यक्रम म्हणजे त्याने मला घातलेली भीक आहे.

जेवलो नाही. हीही जेवली नाही.

२८ मार्च

भाषण नव्याने लिहिलं. गेले काही दिवस माझ्या डोक्यात एक गोष्ट स्पष्ट होत चाललीय. खरं जॅझ पहिल्याच घरात होतं. रस्त्यावर. ठेका जसजसा वर चढत गेला तसतसं सगळं पातळ होत गेलं. तिसऱ्या घराला मी आयुष्यभर डोक्यावर घेऊन नाचलो, पण आता त्या रेकॉर्डी लावतो आणि मला त्यात हाडंच दिसतात, मांस कुठंच नाही. चौथं तर विचारूच नका. लोक कसली हवा ऐकून माना डोलवतात देव जाणे. मीही डोलवली, फॅशन म्हणून. आता खोटं बोलायचं वय राहिलं नाही.

मास्तर भडकला. "दादा, हे तू म्हणतोस? आम्ही त्या नाचाच्या गाण्यांत खूश होतो. तूच आमचे कान धरून तिसऱ्या घरात नेलंस. झांज ऐका रे, झांज ऐका, म्हणून लांब्याला एकदा खुर्ची फेकून मारली होतीस."

मी म्हटलं, माणूस शहाणा होतो.

तो बराच वेळ पियानोच्या झाकणावर बोटं वाजवत बसला. मग म्हणाला, "भाषण तुझं आहे. पण धाकट्याला त्यात नावं ठेवू नकोस." धाकट्याचं नाव कुणी काढलं होतं?

१० एप्रिल

उद्या. क्लॅरिनेटला नवी रीड लावली, सगळ्यात पातळ तासलेली. हिने कोट इस्त्री करून ठेवलाय. आमचं बोलणं कामापुरतंच आहे, तरी बटण शिवलेलं दिसलं.

१२ एप्रिल

काल लिहिणं शक्य नव्हतं. इतका राग होता.

सभागृह भरलं होतं. खरंच भरलं होतं, मागे लोक उभे. पहिला भाग असा झाला की मला वाटलं आपण जिंकलो. मी बोललो, लोक हसले, मग ती अंत्ययात्रा निघाली आणि धाकट्याच्या मोठ्या ड्रमने अख्ख्या सभागृहाला खांद्यावर घेतलं. दुसराही ठीक.

तिसरा. माझा क्लॅरिनेटचा लांब सोलो, ज्याच्यासाठी हे सगळं. मी सुरू केलं. पहिल्याच सुरांना पहिल्या रांगेतल्या एका बाईने कानात बोटं घातली ते दिसलं, म्हणून डोळे मिटले. लांब्याचा बास होता, तोही धूसर. झांज अर्थातच नाही. मी म्हटलं, नसू दे, मी एकटा पुरेसा आहे. आणि उडालो. मला तर वाटतं इतकं चांगलं मी कधी वाजवलं नव्हतं.

आणि मध्येच मागून धब्ब, धब्ब, धब्ब, धब्ब! पायाचा ड्रम. प्रत्येक मात्रेवर. त्या तिसऱ्या घरात, जिथे ठेका वर झांजेवर राहतो असं मी दहा मिनिटांपूर्वीच लोकांना समजावून सांगितलं होतं, तिथे हा गडी रस्त्यावरच्या मिरवणुकीसारखा पाय आपटतोय. आणि थांबला नाही. सोलो संपेपर्यंत नाही. जाणकार माणसं बसली होती, काय म्हणाली असतील? उत्तरार्धात तर बऱ्याच खुर्च्या रिकाम्या झाल्या. होणारच.

शेवटी टाळ्या पडल्या. काही लोक उभेही राहिले. पण ते धाकट्याकडे बघून टाळ्या वाजवत होते. हे मला सगळ्यात जास्त लागलं.

आत आल्यावर मी त्याला सरळ सांगितलं. "उद्यापासून येऊ नकोस. माझ्या आयुष्यात ही एक संध्याकाळ होती आणि तू ती पायाखाली तुडवलीस."

मास्तर उसळला. "दादा, अरे तुला काही कळतंय का, याने आज..."

"मास्तर, नको," धाकटा म्हणाला. त्याने झांज फडक्यात गुंडाळली, नीट, कडा झाकून. मग माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "बरं, दादा."

बस, तेवढंच. भांडला असता तर बरं झालं असतं.

२४ एप्रिल

हॉटेलात आम्ही तिघंच. लांब्या बोलत नाही. मास्तर भूमितीच्या वह्या तपासत बसतो आणि वेळ झाली की पियानोवर जातो. धाकट्याच्या जागी कुंडी ठेवलीय. मॅनेजर म्हणाला, जरा बदल म्हणून सध्या गाण्याच्या रेकॉर्डी लावून बघू. म्हणजे आम्हाला नारळ. सगळं धाकट्यामुळे.

हिने माझ्याशी बोलणं सोडलेलं नाही, पण बोलते ती माझ्या समोर येऊन, तोंडाकडे बघून, लहान मुलाशी बोलल्यासारखं. चिडचिड होते.

५ मे

सभागृहाच्या ध्वनिवाल्याने त्या संध्याकाळची टेप पाठवली. बरं झालं. आता मास्तरला बसवून ऐकवतो, कुठे कुठे झांज गाळली आणि कुठे पाय आपटला, मात्रेनिशी.

माझं तीन वेगांचं जुनं यंत्र माळ्यावरून काढलं. आम्ही सगळे याच्यावरच शिकलो. शिकवायला कोण होतं? कुठूनतरी रेकॉर्ड मिळवायची, टेपवर उतरवायची आणि यंत्र अर्ध्या वेगावर टाकायचं. तुकडा निम्म्या चालीने येतो आणि एक सप्तक खाली उतरतो. जे सुसाट निघून जातं ते हातात सापडतं. फारच अवघड असेल तर पाव वेग. धाकटा आणि मी या यंत्रापुढे पोटावर पडून दिवसच्या दिवस काढलेत.

आधी पूर्ण वेगाने ऐकली. माझं म्हणणं शंभर टक्के खरं. झांजेचा पत्ता नाही.

मग मात्रा मोजायला अर्ध्या वेगावर टाकली. मागे काहीतरी वाळू चाळल्यासारखं येऊ लागलं. टेप खराब असेल म्हणून यंत्राची हेड पुसली. तरी येतंच होतं. मग पाव वेगावर टाकली.

उद्या लिहितो.

६ मे

झांज होती.

पाव वेगावर ती एवढी मोठी, एवढी स्वच्छ आली की मी खुर्चीवरून उठलो. एकही ठोका गाळलेला नाही. पहिल्या मात्रेपासून शेवटच्यापर्यंत, समान, शांत, मी त्याला शिकवलं होतं त्याहून किती तरी चांगली. पूर्ण वेगावर टाकली, गेली. पाव वेगावर, आली. मी वेड्यासारखा तो खटका मागे पुढे करत राहिलो. ही दारात उभी होती. मी तिला विचारलं, पूर्ण वेगाला तुला ऐकू येते का? तिने मान हलवली. हो.

पुढचं लिहायलाच हवं, नाहीतर उद्या मी स्वतःशी खोटं बोलेन. माझ्या सोलोत मध्ये मध्ये कसलं तरी भेसूर विव्हळणं येत होतं. मला वाटलं सभागृहाचं दार करकरतंय. पण ते बरोबर तिथे येतं जिथे मला दातांत झिणझिण्या आल्या होत्या. ती माझी क्लॅरिनेट. तासलेली रीड. पूर्ण वेगात ती किंकाळी असणार. त्या बाईने कानात बोटं घातली होती ती याच्यासाठी, आणि खुर्च्याही याच्यासाठीच रिकाम्या झाल्या.

आणि मी ठेक्यावर नाही. सोलोच्या तिसऱ्या फेरीला मी अर्धी मात्रा पुढे, मग एक, मग दीड. मी डोळे मिटून उडतोय आणि खाली बँड फुटतोय. लांब्या अडखळतो. मास्तर थांबतो, त्याला कळत नाही माझ्यामागे यावं की जागेवर राहावं. आणि बरोबर तिथे, त्या भोकात, पायाचा ड्रम सुरू होतो. धब्ब, धब्ब. मला ऐकू येईल अशी एकच गोष्ट त्याच्याकडे उरली होती, ती. वर झांज एका हाताने चालूच आहे. आणि मी, मला स्वतःला न कळता, त्या ड्रमला धरून हळूहळू परत येतो. दीड, एक, अर्धी, जागेवर. मास्तर परत सुरू होतो.

लोक उभे राहिले ते याच्यासाठी. आणि याच्यासाठीच मी त्याला हाकललं.

मला रडू आलं. फार रडलो.

९ मे

हिच्याबरोबर कानाच्या डॉक्टरकडे गेलो. काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबा. मी बराच वेळ काहीच दाबलं नाही. बाहेर बघितलं तर ही काचेपलीकडून माझ्या बोटाकडे बघत होती.

डॉक्टरांनी कागदावर रेघ दाखवली. खालच्या सुरांना बरीच सरळ जाते आणि मग वरच्या सुरांना जिन्यावरून पाय घसरल्यासारखी खाली. गेलेलं परत येत नाही म्हणाले, राहिलंय ते सांभाळा. वाजवणं बंद. उजवा कान जास्त गेलाय.

"तुमच्या उजव्या बाजूला काय असतं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "भाऊ."

१० मे

धाकटा लाँड्रीच्या वर राहतो. जिन्यात ओल्या कपड्यांची वाफ. मी घंटी दाबली, काही आवाज आला नाही, परत दाबली, परत दाबली. दार उघडून तो म्हणाला, "दादा, एकदाच दाबायची असते."

ड्रम पलंगाखाली सरकवले होते. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "टेप ऐकली."

"कुठल्या वेगाने?"

"पाव."

तो खाली बसला. मग मीही बसलो.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"गेल्या वर्षापासून. हॉटेलात मी एका संध्याकाळी झांजेला काठी लावलीच नाही. नुसता हात फिरवला. मास्तर, लांब्या चक्रावले. नंतर तू म्हणालास, आज झांज बरी होती. मला वाटलं चेष्टा करतोयस. दुसऱ्या दिवशी परत करून बघितलं."

"मग सांगायचं ना, गाढवा."

"वहिनी म्हणत होती सांगू या. मीच म्हटलं, एवढी एक संध्याकाळ होऊ दे त्याची." मग खाली बघत म्हणाला, "वहिनीने फोन केला होता, डॉक्टरकडे गेला होतात म्हणून. काय म्हणाले? उजवा जास्त ना?"

मी म्हटलं, "दोन्ही सारखे."

"खोटं बोलू नकोस. मी स्वतः जाऊन विचारून आलोय दुसऱ्या एका डॉक्टरना. वर्षानुवर्षं कानाशी झांज वाजली की हे असंच होतं म्हणाले. आणि तुझ्या उजव्या कानाशी कोण बसत होतं, दादा? मास्तर बोलवायला आला होता. मी नाही म्हटलं. आता नाही उचलणार मी काठ्या."

हा माझ्यावर रागावला असेल, दार उघडणार नाही, अशी सगळी तयारी करून मी आलो होतो. आणि हा इथे स्वतःला शिक्षा देत बसलाय. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि ते न जमल्यामुळे मी ओरडलो.

"तू नसतास तर मी कशावर वाजवलं असतं? कुंडीवर? तू झांज वाजवलीस म्हणून मी वाजवलं. जे गेलं ते त्यातच खर्ची पडलं, आणि ते मी खर्च केलंय, तू नाही. रडगाणं बंद कर. मास्तरच्या ओळखीत ती सॅक्सवाली बाई आहे, मला माहीत आहे, चांगली वाजवते. तिला घ्या. मॅनेजरला मी सांगतो. ड्रम बाहेर काढ पलंगाखालून, मडकी नाहीत ती."

"तुझ्याशिवाय?"

"माझ्याशिवाय."

त्याने काढले नाहीत. मी वाकून एक ओढला तेव्हा उठला आणि म्हणाला, "कंबर धरेल तुझी, सोड." आणि मग बाकीचे त्याने काढले.

३० मे

आज हॉटेलात त्यांची पहिली संध्याकाळ. मी कोट घातला, बूट घातले, नाड्या बांधल्या. मग खुर्चीत बसलो आणि नाड्या सोडल्या.

"येत नाही तुम्ही?" हिने विचारलं, माझ्यासमोर येऊन.

मी म्हटलं, "मी समोर दिसलो की तो पायाचा ड्रम वाजवेल. मला ऐकू यावं म्हणून. सगळ्यांचा कार्यक्रम नासेल."

मी तिला दारापर्यंत सोडलं. मग पियानोच्या, बासच्या, सगळ्याच आवाजांचा विचार करत बसलो. खरं सांगायचं तर फक्त झांजेचा. आठवून ऐकायचा प्रयत्न केला. काही वेळ येते, मग काठीचं टक टकच उरतं.

ही नऊच्या सुमाराला आली. जेवणघरात गर्दी होती म्हणाली. बाई छान वाजवते. मास्तर हसला, एकदा.

"आणि तो?"

"भावजी सारखे दाराकडे बघत होते. मध्यंतरापर्यंत."

"मग?"

"मग बघणं सोडलं. आणि मग काय वाजवलं म्हणून सांगू! मला त्यातलं कळत नाही, पण लोकांनी चमचे खाली ठेवले होते."

"पायाचा ड्रम?"

"नाही. वरची झांजच. शेवटपर्यंत."

मी म्हटलं, बरं झालं. ती पदर डोळ्यांना लावत होती, मी तिच्याकडे बघितलं नाही. अन्न गार झालं होतं, ते मी गरम केलं आणि आम्ही जेवलो.